दोष आढळला नाही

आगीच्या विम्याची माणसं येणार आहेत, असं ट्रेवरने सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण ते दोघे बेरिलच्या टेबलापाशी येऊन पाच मिनिटं झाली, तरी त्यांनी भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दोघांपैकी जो ठेंगणा होता, त्याने टेबलावरचा एक सेट-टॉप बॉक्स उचलला. नवखा माणूस तो दोन्ही कडांना धरून उचलतो, केकचा खोका उचलावा तसा. याने एका हाताने उचलला. अंगठा मागच्या जाळीवर, बोटं तळाशी, कार्डाच्या खाचेला जराही धक्का नाही. मग तो कलता करून कानाशी नेला आणि हलकेच हलवला. आत एखादा सुटा स्क्रू वाजतोय का, ते बघायला.

"याने आग लागते का हो?" बेरिलने विचारलं.

"अं? नाही, नाही. सहज बघत होतो."

"मग विमा कशाचा उतरवताय?"

ठेंगणा हसला. ट्रेवर त्याच्यापेक्षा जास्त हसला. "बेरिलबाई आमच्या सगळ्यांत जुन्या," तो म्हणाला. "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेला.

ट्रेवर लशने तिचं कौतुक करावं, हे बेरिलला मुळीच आवडलं नाही. तो कारखान्याचा व्यवस्थापक होता, आणि गेल्या सहा वर्षांत तिच्याशी तो बोलला होता तो फक्त काहीतरी करून घ्यायचं असलं तर.

"बघितलंस?" शेजारच्या टेबलावरच्या डेन्झिलला ती म्हणाली. "विमेवाले म्हणे! त्या बुटक्याने हजार डबे उघडले असतील आयुष्यात."

डेन्झिल ग्रीनिजने भिंगातून डोळा काढला नाही. "तुला परवा पोस्टमनसुद्धा पोलीस वाटला होता."

"त्याचे बूट नवे होते."

"पोस्टमनने नवे बूट घालू नयेत का?"

विदम गावातल्या त्या कारखान्यात सेट-टॉप बॉक्सला सगळे नुसता डबा म्हणत. हॅझलडाइन रेडिओ कंपनीचे डबे एकच गिऱ्हाईक घेई: ऑर्बेल टीव्ही. लोकांनी महिन्याचे पैसे भरायचे, छपरावर तबकडी लावायची आणि खाली हॅझलडाइनचा डबा. फुटबॉल, सिनेमे, सगळं त्यातून दिसायचं. डबा बिघडला की तो परत यायचा तो बेरिल थरगुडच्या टेबलावर. ती तो उघडायची, तपासायची, दुरुस्त करायची आणि सोबतच्या कागदावर शिक्का मारायची. शिक्के तीन होते. 'कारखान्याचा दोष' असला तर भुर्दंड हॅझलडाइनला. 'ग्राहकाची चूक' असली तर ग्राहकाला. आणि 'दोष आढळला नाही' असला तर तो डबा ऑर्बेलने उगाच परत आणला असं ठरायचं, म्हणजे भुर्दंड ऑर्बेलला.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ऑर्बेलचा तपासनीस यायचा. ऑब्री क्लेग त्याचं नाव. उंच, किडकिडीत, जुलैतही रेनकोट घालणारा. तो शिक्का मारलेल्या डब्यांतले वीस डबे आपल्या मनाने निवडायचा, बेरिलच्या समोर बसून उघडायचा, आणि प्रत्येकावर वाद घालायचा. चहा कारखान्याचा घेत नसे. स्वतःचा थर्मास आणत असे. अकरा वर्षं हे चाललं होतं. बेरिलने कधी त्याची पाठ वळेपर्यंत टेबल सोडलं नाही, आणि त्यानेही कधी तिच्या समोर आपली फाइल उघडी ठेवली नाही.

इथे दोष लपवले जातात, हा क्लेगचा संशय मात्र खरा होता, आणि तेच बेरिलला तीन वर्षं सलत होतं.

दोन हजार चार साली एका खेपेत हलके कंडेन्सर लागले. डबा तीन-चार तास चालून तापला की कंडेन्सरचं डोकं फुगायचं आणि पडदा काळा. थंड झाला की पुन्हा ठीक. बेरिलने पहिले दहा डबे प्रामाणिकपणे 'कारखान्याचा दोष' म्हणून काढले. संध्याकाळी ट्रेवर आला, खुर्ची ओढून बसला. "बेरिलबाई, कंडेन्सर बदला, बाकी काही लिहू नका. बदलल्यावर डब्यात दोष आढळतो का? नाही ना? मग तसाच शिक्का मारा." तीनशे माणसांचं पोट या एका गिऱ्हाइकावर आहे, हेही त्याने सांगितलं. बेरिलचा नवरा लेन तेव्हा नुकताच पाठीच्या दुखण्याने बसची नोकरी सोडून घरी बसला होता. तिने तसाच शिक्का मारला.

डब्यांबरोबर कधीकधी चिठ्ठ्या यायच्या. लोस्टॉफ्टच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'रोज साडेचारला चित्र जातं. तुमचा फोनवरचा माणूस म्हणतो मी वायर नीट लावत नाही. मी जहाजावर बत्तीस वर्षं वीजतंत्री होतो.' बेरिलने त्या डब्याचा कंडेन्सर बदलला आणि कागदावर शिक्का मारला: दोष आढळला नाही.

काढलेले कंडेन्सर ट्रेवरने कचऱ्यात टाकायला सांगितले होते. ते मात्र तिच्याने झालं नाही. प्रत्येकाला पांढरी टेप गुंडाळून त्यावर डब्याच्या नंबराचे शेवटचे चार आकडे पेन्सिलीने लिहायची आणि खालच्या खणात टॉफीच्या एका पत्र्याच्या पेटीत टाकायची. कशासाठी ठेवले, असं कुणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. सहाशेच्या वर झाले होते. हे फक्त डेन्झिलला ठाऊक होतं, कारण तो शेजारी बसायचा.

विमेवाले येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेवर बिस्किटांचा पुडा घेऊन आला.

"जरा टेबलं आवरायला घ्या सगळ्यांनी," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुमच्या खालच्या खणात ती टॉफीची पेटी आहे ना, बेरिलबाई, तेवढी आठवणीने काढून टाका. जुनाट सामान नको. आगीचा धोका."

"कसली पेटी?"

"असू दे. काढून टाका म्हणजे झालं." आणि बिस्किटं तिथेच ठेवून तो गेला.

बेरिलने बिस्किटाला हात लावला नाही. तिने डेन्झिलकडे पाहिलं. तो जागेवर नव्हता.

त्या दिवशी तिने पेटी पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली घातली आणि घरी नेली. लेन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"कंपनी विकायला काढलीय," लेन म्हणाला. "आमचा डेपो विकला तेव्हाही आधी दोन माणसं आली होती. म्हणे पाइप तपासायला आलोय. तीन महिन्यांनी डेपोच्या जागी फर्निचरचं दुकान."

"पण पेटीचं ट्रेवरला कुणी सांगितलं?"

"कुणाकुणाला माहीत होतं?"

लेनने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "डेन्झिल? छे. तो नाही करणार."

"मी कुठे म्हटलं करेल म्हणून?"

पण एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. जुलैच्या एक तारखेपासून नव्या कायद्याने सिगारेटवाल्यांना इमारतीबाहेर काढलं होतं, त्यामुळे मागचं अंगण दिवसभर गजबजलेलं असे. डेन्झिल सिगारेट ओढत नसे. तरी तो दिवसातून दोन-तीनदा मोबाईल घेऊन तिकडे जायचा, भिंतीकडे तोंड करून बोलायचा आणि कुणी जवळ आलं की फोन खिशात टाकायचा. बेरिलने आठवडाभर हे मोजलं. एकदा तर खिडकीतून तिला त्याचे शब्द ऐकू आले: "नाही, इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही."

शुक्रवारी उपाहारगृहात मासे आणि तळलेले बटाटे होते. डेन्झिल दोन ताटं घेऊन आला, एक तिच्यापुढे ठेवलं. एकोणीस वर्षांचा हा रिवाज.

"रोज कुणाशी बोलतोस रे?" तिने विचारलं.

"का गं?"

"विचारलं."

"आहे माझं एक काम. पक्कं झालं की सांगतो तुला."

"ऑर्बेलशी काम आहे?"

तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला.

"ती पेटी तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, डेन्झिल. ट्रेवरला कशी कळली?"

"मला काय माहीत?"

"हे बघ, इथे काय चाललंय ते मला दिसतंय. उद्या नवीन लोक आले की कुणाचा तरी बळी देणार. सगळ्या कागदांवर शिक्का माझा आहे. तू तुझी नोकरी सांभाळायला माझं नाव पुढे केलं असशील, तर तसं सांग. मी भांडणार नाही."

डेन्झिलने काटा खाली ठेवला.

"अठ्ठ्याऐंशी साली," तो म्हणाला, "मी इथे लागून दोन महिने झाले होते. सोल्डर गन हरवली. सगळ्या कारखान्यात पिशवी उघडली ती फक्त माझी. का, ते तुलाही माहीत आहे. काळा मी एकटाच होतो. तू उठलीस आणि म्हणालीस, गन माझ्या टेबलावर होती, मीच हरवली. खोटं बोललीस माझ्यासाठी. आठवतं?"

"आठवतं."

"आणि आज तूच पिशवी उघडायला सांगतेयस."

"मी फक्त विचारतेय."

"विचारलंस ना? मग झालं." तो उठला. त्याच्या ताटाला त्याने हातही लावला नव्हता.

सोमवारी त्याचं टेबल रिकामं होतं. त्याने अर्ज करून पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली होती. बेरिलला वाटलं, मन साफ असतं तर पळाला असता का? पण हे वाटत असतानाही तिला ते पूर्ण पटत नव्हतं, आणि न पटल्यामुळे ती आणखीच हट्टाला पेटली. जिन्यात भेट झाली तरी तिने मान वळवली.

मंगळवारी, जुलैच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला सगळ्यांना उपाहारगृहात बोलावलं. टेबलं बाजूला सारली होती आणि प्लास्टिकच्या पेल्यांत फेसाळ वाइन भरून ठेवली होती.

"सकाळी दहाला दारू?" रंगकामातली एक बाई बेरिलच्या कानात म्हणाली. "मेलो आपण."

म्हातारा हॅझलडाइन खुर्चीवर चढला. ऑर्बेल टीव्हीने हॅझलडाइन कंपनी विकत घेतली आहे, असं त्याने कागदावरून वाचलं. आता डबा बनवणारे आणि डब्यातून चित्र पाठवणारे एकाच घरातले झाले. कुणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही, हे तो एकदा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "किती दिवस?" आणि हशा झाला. म्हातारा हसला नाही. त्याने शेजारच्या माणसाची ओळख करून दिली: ऑर्बेलचे मुख्य अभियंते, मिस्टर हंट.

तोच ठेंगणा. आगीच्या विम्याचा.

बेरिलने गर्दीत डेन्झिलला शोधलं. इतर वेळी असती तर तिने भुवया उडवल्या असत्या आणि तो तिकडून पोस्टमनचे बूट दाखवल्यासारखा आपला पाय उचलून हसला असता. तो दाराशी उभा होता, पेला न घेता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दोनच दिवसांनी महिन्याचा पहिला गुरुवार होता. आता क्लेग कशाला येईल, असं सगळ्यांना वाटत होतं. तो नऊच्या ठोक्याला आला, रेनकोट काढून घडी घातली आणि बेरिलच्या समोर बसला. डबे मात्र मागितले नाहीत.

"आज काय तपासणार?" बेरिलने सावधपणे विचारलं.

"काही नाही. मला कुणी येऊ नका असं सांगितलं नाही, म्हणून आलो." त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, पण उघडलं नाही. "मिसेस थरगुड, आता तुमच्या शिक्क्याला कुणी विचारणार नाही, आणि माझ्या अहवालालाही नाही. तुमचा-आमचा मालक एक झाला. तेव्हा एक विचारू का? कुणाला सांगण्यासाठी नाही. माझ्यापुरतं."

बेरिलने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हा डाव आहे, हे तिला पहिल्या वाक्यालाच वाटलं होतं. हाच माणूस पुढे करून हंट तिच्याकडून वदवून घेणार.

"तीन वर्षांपूर्वीच्या खेपेचे डबे," क्लेग म्हणाला. "प्रत्येकात एका ठिकाणचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा जास्त चकाकायचं. नवं सोल्डर चकाकतं. मी वरिष्ठांना लिहिलं की हे लोक आधी दुरुस्त करतात आणि मग दोष नाही म्हणतात. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, चकाकी. ते हसले. मी पुन्हा लिहिलं. सात वेळा लिहिलं. तेव्हा माझ्या साहेबांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं." तो थांबला. "मी खरंच तपासून घेतले. चष्म्याचा नंबर बरोबर होता. नंतर विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, ती माझ्या हाताखालच्या मुलीला दिली. क्लेगला भास होतात, असं झालं. बायकोसुद्धा म्हणते, सोड ते आता. मला एवढंच सांगा, मला भास होत होते का?"

अकरा वर्षांत तिने या माणसाचे हात, पेन आणि फाइल पाहिली होती. त्याची कॉलर आतून उसवलेली होती, ते आज दिसलं.

"उद्या इथेच, याच वेळी या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी आणली. त्याच्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं. क्लेगने एक कंडेन्सर उचलला, त्याच्या फुगलेल्या डोक्यावरून अंगठा फिरवला, टेपवरचे आकडे वाचले. मग आपल्या बॅगेतून कडा मळलेली एक यादी काढली आणि बोटाने खाली खाली गेला.

"चार हजार एकशे सात. आहे." दुसरा उचलला. "नऊ हजार बावीस. आहे." पाच-सहा झाल्यावर त्याने यादी मिटली. तो जिंकल्यासारखा दिसत नव्हता. खूप चालून आलेला माणूस बसतो तसा बसला होता.

"मला ट्रेवरने सांगितलं होतं," बेरिल म्हणाली. "पण हात माझा होता. ते तुमच्या नोकरीवर बेतेल असं मला... नाही, खरं सांगायचं तर मी तसा विचारच केला नाही. तुम्ही शत्रू होतात. तुम्ही आलात की आम्ही इथे दबकून असायचो."

"मीही गाडी लावल्यावर दहा मिनिटं आतच बसायचो," क्लेग म्हणाला. "यायची हिंमत होईपर्यंत."

"हे वर सांगणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

तिने खिडकीबाहेर बघितलं. निवृत्तीला अडीच वर्षं होती. मग ती म्हणाली, "सांगा. माझं नाव घालून सांगा. तुम्ही सांगाल ती शपथ मी घेईन."

पुढचे पंधरा दिवस ती रोज बोलावणं येईल म्हणून घरून निघताना चांगला ब्लाउज घालायची. बोलावणं आलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी. ट्रेवरच्या खोलीत हंट बसला होता, बाजूला ट्रेवर. क्लेग आधीच खुर्चीच्या टोकावर बसला होता. टेबलावर टॉफीची पेटी.

"तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, त्याचं कौतुक आहे," हंट म्हणाला. "पण काळजी करू नका. यात कुणावरही काही कारवाई नाही. आम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं?" बेरिल म्हणाली.

"जूनमध्येच आम्ही लोकांच्या घरून बारा डबे परस्पर मागवून उघडले. कंडेन्सर खराब होतेच. सौद्यात ते आम्ही मांडलं, आणि हॅझलडाइनसाहेबांनी कंपनीची किंमत खाली आणली. विषय तिथे मिटला."

क्लेग हळूच म्हणाला, "जूनमध्ये कळलं? म्हणजे मी लिहीत होतो ते खरं होतं, हे तुम्हाला जूनमध्ये कळलं. मला का नाही सांगितलं?"

"सौदा चालू होता, ऑब्री. गुप्तता होती. समजून घे."

"आणि सौदा झाल्यावर?"

हंटने घड्याळ बघितलं नाही, पण हात तिकडे गेला. "झाल्यावर... आता त्याचं काय? डबा आपला, चित्र आपलं. दोष आपलाच. भांडायचं कुणाशी? आणि तेच सांगायला तुम्हा दोघांना एकत्र बोलावलंय. तुम्हा दोघांचे विभाग शेवटी एकाच गोष्टीसाठी होते. दोष कुणाचा हे ठरवायला. त्याची गरज आता राहिलेली नाही. सप्टेंबरअखेर दोन्ही बंद करतोय. अटी चांगल्या आहेत."

ट्रेवर खिडकीच्या पडद्याची दोरी नीट करत होता. त्याची नोकरी शाबूत होती, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

बेरिल उठली. दाराशी जाऊन थांबली. "ट्रेवर, पेटीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" ट्रेवर वळला. विषय बदलला म्हणून त्याला बरंच वाटलं असावं. "गेल्या नाताळात भेटवस्तू बांधायला टेप हवी होती, म्हणून तुमचा खण उघडला. बघितलं तर ही. मी म्हटलं, असू दे, म्हाताऱ्या बायकांना काय काय साठवायची सवय असते."

बेरिलने जिन्याचा कठडा धरला आणि खाली उतरली. पॅकिंगचा विभाग अंगणापलीकडे होता. सिगारेटवाल्यांच्या घोळक्यातून ती गेली, कुणीतरी हाक मारली, तिने ऐकली नाही. डेन्झिलच्या जागी एक अनोळखी बाई खोक्यांना पट्ट्या लावत होती.

"ग्रीनिज? तो शुक्रवारीच गेला की. राजीनामा दिला. हॉस्पिटलात लागला म्हणे, रुग्णांना न्या-आणायच्या कामाला. दीड महिना फोनवर खेटे घालत होता बिचारा. इथे कळलं तर आधीच काढतील म्हणून कुणाला सांगत नव्हता." तिने पट्टी दाताने तोडली. "तुम्हाला नाही सांगितलं? तुमच्याच शेजारी बसायचा ना?"

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी क्लेग तिचा निरोप घ्यायला आला. रेनकोटाच्या दोन्ही खिशांत हात घालून तो जरा वेळ रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला. आपण इप्स्विचला मेव्हण्याच्या दुकानात हिशेब बघणार आहोत, असं त्याने सांगितलं. पेटी फेकून द्यायला हंटने सांगितलं होतं, पण ती त्याने गाडीत ठेवली होती, आणि राहू दे का, असं त्याने तिला विचारलं. ती हो म्हणाली. दोघांनी हात मिळवले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

डेन्झिलला तिने पत्र लिहिलं. तीन वेळा फाडून चौथं टाकलं. माझं चुकलं, मला माफ कर, लेनही तुझी आठवण काढतो, एकदा घरी ये. नाताळात त्याच्या घरून कार्ड आलं. छापील शुभेच्छांखाली त्याच्या बायकोच्या अक्षरात दोघांची नावं होती.

फेब्रुवारीत, बर्फ पडून गेल्यावरच्या एका सकाळी, बेरिल दुकानासमोर घसरली आणि डावं मनगट दुखावून बसली. लेनला गाडी चालवणं जमत नव्हतं, म्हणून ती बसने एकटीच मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे लांबच लांब मार्गिका, निळ्या-पिवळ्या पाट्या, आणि सगळीकडे सारखीच दारं. हात छातीशी धरून ती एका वळणावर गोंधळून उभी राहिली.

समोरून चाकांची खुर्ची ढकलत डेन्झिल आला. अंगात हिरवा सदरा, छातीवर नावाची पट्टी. खुर्चीत ब्लँकेट गुंडाळलेली एक म्हातारी होती आणि तो तिला काहीतरी सांगून हसवत होता. बेरिलला बघून तो थांबला. त्याची नजर तिच्या मनगटाकडे गेली.

"दुखावलंय का?"

"घसरले," ती म्हणाली. "एक्स-रे काढायचाय. डेन्झिल, मी तुला—"

"या इथून उजवीकडे वळा, थरगुडबाई," तो म्हणाला. आवाज मऊ होता, त्यात राग नव्हता. "दुसरं दार. तिथे नंबर घ्या आणि बसा, फार वेळ लागत नाही. आणि तुम्ही तो हात असा खाली नका सोडू. वर धरून ठेवा, म्हणजे सूज कमी येईल."

त्याने दुसऱ्या हाताने तो कसा धरायचा ते हवेत करून दाखवलं. मग खुर्चीचा ब्रेक काढला, म्हातारीच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं आणि पुढे निघाला. चाकं फरशीवर बराच वेळ ऐकू येत राहिली.

बेरिलने हात त्याने सांगितला तसा वर धरला आणि उजवीकडे वळली.